रंध्याच्या टोकावर तीन नावे असतील, तर घडवणारा कोणता?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. यॉर्कशायरमधील एका घराच्या सामानाच्या लिलावात आपण तीन जुने लाकडी रंधे घेतले. पहिला अरुंद, मोल्डिंग (लाकडाच्या कडेची नक्षीदार पट्टी) काढण्याचा असून त्याच्या पुढच्या टोकावर तीन वेगवेगळी नावे ठोकलेली आहेत. त्यांतले एक 'जॉन ग्रीन' असे वाचता येते, मात्र 'जॉन'मधील पहिले अक्षर 'जे' नसून 'आय' आहे. दुसरा मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता असा स्मूदिंग, म्हणजे शेवटी लाकूड गुळगुळीत करण्याचा, रंधा असून त्यावर 'मॅथिसन अँड सन, ग्लासगो' हे नाव, तर पात्यावर शेफील्डच्या 'वॉर्ड अँड पेन'चे नाव आहे. तिसऱ्या, लांब जॅक (सुरुवातीला जाड तासण्याच्या) रंध्यावर केवळ दोन अक्षरे आहेत. हे रंधे कोणी आणि कधी घडवले, आणि नाव लाकडावरचे धरायचे की पात्यावरचे, असे आपण विचारले आहे.

मी गेली 28 वर्षे इंग्लंडमध्ये जुन्या फर्निचरच्या दुरुस्तीचे काम करतो आणि याच रंध्यांनी रोज लाकूड तासतो, त्यामुळे आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी आणि ठामपणे देतो: नाव लाकडावरचे धरावे. पात्यावरच्या नावाने केवळ ते पाते कोणी घडवले एवढेच कळते. ब्रिटनमध्ये रंधे घडवणे हा 1700 च्या सुमारास लंडनमध्ये सुतारकामापासून वेगळा होऊन स्वतंत्र धंदा म्हणून उभा राहिला. हे कारागीर लाकडी अंग, पाते घट्ट धरणारी पाचर आणि तळाचा आकार स्वतः करीत, परंतु पाती लोहारांकडून विकत घेत, आणि 18व्या शतकाच्या उत्तरार्धापासून ती बहुतांशी शेफील्डहून येत. शिवाय पाते ही खर्ची पडणारी वस्तू आहे. पोलादाचा पातळ थर लोखंडावर जोडून केलेले ते पाते रोजच्या धार लावण्याने दरवर्षी थोडे थोडे आखूड होत जाते, आणि नेटाने काम करणाऱ्या सुताराच्या हयातीत निदान एकदा तरी बदलले जाते. लाकडी अंग मात्र तीन-चार पिढ्या टिकते. त्यामुळे 1790 च्या रंध्यात 1880 चे पाते सापडले तर त्यात वावगे काहीच नसते. 'वॉरंटेड कास्ट स्टील' अशी अक्षरे पाहून पुष्कळ लोक तो रंधाच शेफील्डचा समजतात. त्या अक्षरांचा संबंध पात्याच्या पोलादाशी आहे, रंध्याशी नाही.

आता लाकडावरच्या नावांकडे वळू. रंधे घडवणारा आपला ठसा पुढच्या टोकावर मारीत असे, आणि त्याला व्यवहारी कारण होते. तिथे लाकडाचे तंतू आडवे कापलेले असतात, त्यामुळे पंच (नाव कोरलेला पोलादी ठसा) मारला की अक्षरे खोल आणि रेखीव उमटतात. शिवाय तळ व बाजू वापराने झिजतात, टोक झिजत नाही. पण हीच सोय पुढच्या मालकांनाही कळत होती. रोजंदारीवर फिरणाऱ्या सुताराची हत्यारे त्याची स्वतःची असत, एकाच छपराखाली दहा-बारा जण काम करीत, आणि रंधे दिसायला सारखेच असत. म्हणून प्रत्येक जण आपल्या प्रत्येक रंध्यावर नाव ठोकून ठेवी. तो निवर्तला किंवा काम सोडून गेला की पेटी विकली जाई, आणि नवा मालक जुन्या नावाशेजारी आपले नाव ठोकत असे. आपल्या मोल्डिंगच्या रंध्यावरील तीन नावांचा उगम बहुधा हाच आहे: एक घडवणारा आणि त्यानंतरचे दोन मालक.

त्यांतला घडवणारा ओळखण्यासाठी आधी ठशाची जागा पाहावी. कारखानदाराचा ठसा बहुधा टोकाच्या वरच्या भागात, मधोमध आणि पातळीत असतो, कारण तो नव्या, सपाट, मोकळ्या लाकडावर मारलेला असतो. मालकाला उरलेली जागा मिळते. त्याचे नाव खाली, कडेला, तिरके, कधी उलटे असते, आणि तेच नाव मागच्या टोकावर किंवा बाजूवरही पुन्हा भेटते. त्यानंतर पंचाचा दर्जा पाहावा. घडवणाऱ्याचे संपूर्ण नाव एकाच पंचात कोरलेले असते, त्यामुळे अक्षरांतील अंतर नेमके असते आणि भोवती अनेकदा करवतीच्या दात्यांसारखी नागमोडी किनार असते. काही ठशांत अक्षरे खोलगट असतात, तर काहींत भोवतालची पार्श्वभूमी दबून अक्षरे वर उठलेली असतात. एकेका अक्षराचा सुटा पंच वापरून ठोकलेले, एक अक्षर वर आणि एक खाली असे नाव जवळपास नेहमीच मालकाचे निघते. नावासोबत गावाचे नाव असेल, तर ते घडवणाऱ्याचे किंवा विकणाऱ्याचे समजावे; आपल्याच रंध्यावर गाव लिहिण्याचे मालकाला सहसा कारण नसते.

मात्र या खुणांवर डोळे मिटून विसंबू नये. चांगली मिळकत असलेले मालकही एकसंध पंच करवून घेत, आणि त्यांतील काही पंचांना किनारही असे. अशा वेळी मी ठसे कोणत्या क्रमाने मारले गेले ते पाहतो. खोलीत अंधार करून टॉर्च टोकाच्या पृष्ठभागाशी जवळजवळ समांतर धरावा आणि दहापट भिंग डोळ्याशी न्यावे. दोन ठसे एकमेकांवर चढलेले असतील तेथे, नंतर मारलेल्या अक्षराची कड सलग जाते, आणि आधीच्या अक्षराची कड त्या जागी चेपून तुटते. आधी दबलेले तंतू दुसऱ्या घावाने एका बाजूला लोटले गेलेले स्पष्ट दिसतात. आपण पाठवलेल्या छायाचित्रात 'ग्रीन'मधील शेवटच्या अक्षराजवळची नागमोडी किनार खालच्या नावाच्या पहिल्या अक्षराने चिरडलेली आहे. म्हणजे ग्रीन आधीचा आणि खालचा माणूस नंतरचा. तिसरे नाव कोणालाच स्पर्श करीत नाही, परंतु ते तिरके आहे आणि मागच्या टोकावरही आहे, म्हणून तेही मालकाचेच.

'जे'च्या जागी 'आय' असणे ही पंच कोरणाऱ्याची चूक नव्हे. 18व्या शतकातील ठशांत मोठ्या लिपीत 'जे'साठी 'आय' कोरण्याची रीत होती. लंडनच्या जॉन सिमचे रंधेही 'आय. सिम' याच ठशाने ओळखले जातात. ही रीत 19व्या शतकात मागे पडली, म्हणून असा 'आय' दिसला की ठशाचा पंच जुन्या वळणाचा आहे असे समजायला हरकत नाही. जॉन ग्रीन हा यॉर्क शहरातील रंधे घडवणारा. 18व्या शतकाचे शेवटचे पाव शतक आणि 19व्या शतकाची पहिली काही वर्षे हा त्याचा काळ. त्याचे रंधे मोठ्या संख्येने शिल्लक आहेत, त्यामुळे आपला रंधा दुर्मीळ नाही, परंतु कामाला उत्तम आहे. एक सावधगिरी मात्र बाळगावी: ग्रीन हे नाव शेफील्डच्या पात्यांवरही भेटते. लाकडावर एक ग्रीन आणि पात्यावर दुसरा ग्रीन असे दिसले तर ते एकाच कारखान्याचे आहेत असा निष्कर्ष काढू नये.

नाव वाचले म्हणजे काम संपले असे नाही. ते नाव रंध्याच्या अंगाशी जुळते का, हे पाहणे आवश्यक आहे, आणि माझ्या मते ओळख पटवण्याचा खरा भाग हाच आहे. मोल्डिंगच्या रंध्यांत तीन गोष्टी बोलतात. पहिली लांबी: 18व्या शतकाच्या आरंभीचे, म्हणजे लंडनच्या थॉमस ग्रॅनफर्ड, त्याच्याकडे शिकलेला रॉबर्ट वुडिंग यांच्या पिढीचे रंधे साधारण 10 इंच किंवा थोडे अधिक लांब असत, त्या शतकाच्या उत्तरार्धात ही लांबी साडेनऊ इंचांवर, म्हणजे सुमारे 241 मिलिमीटरवर स्थिरावली आणि पुढे रंधे घडवणे बंद होईपर्यंत तशीच राहिली. दुसरी मोडलेली, म्हणजे टोकदारपणा तासून उतरती केलेली, कड: जुन्या रंध्यांच्या वरच्या व टोकाच्या कडा रुंद आणि सपाट मोडलेल्या असतात, आणि ती सपाटी जिथे थांबते तिथे गोल पटाशीचा एकच स्वच्छ काप असतो, 19व्या शतकात ती कड अरुंद होत गेली आणि शेवटी नुसती गोल करून सोडलेली दिसते. तिसरी पाचर: जुन्या पाचरीच्या डोक्यावरील बोंड जवळजवळ वर्तुळाकार असते, नंतर ते लांबट, अंडाकृती होत जाते.

आपल्या रंध्याची लांबी आपण 241 मिलिमीटर लिहिली आहे, कडा सपाट परंतु फार रुंद नाहीत, आणि पाचरीचे बोंड गोलाकडून अंडाकृतीकडे झुकलेले आहे. या तिन्ही गोष्टी ग्रीनच्या काळाशी जुळतात. लांबी मोजताना मागच्या टोकाच्या कडाही मोडलेल्या आहेत ना, हे पाहून घ्यावे. फुटलेले टोक कापून टाकलेले रंधे मी अनेक पाहिले आहेत, आणि असा आखूड झालेला 10 इंची रंधा सहज 50 वर्षे नंतरचा वाटतो. पाचरीचेही तसेच आहे. ती हरवते आणि दुसऱ्या रंध्याची बसवली जाते. मूळ पाचर खोबणीच्या दोन्ही गालांना वरपासून खालपर्यंत टेकते आणि तिच्या लाकडाचा रंग अंगाशी मिळतो. दुसरीकडून आणलेली पाचर एका बाजूला उजेड सोडते.

आपण विचारलेले नाही, तरी यॉर्कचा विषय निघाला म्हणून सांगतो. जुन्या याद्यांत 'यॉर्क पिच' असा शब्द भेटतो. त्याचा अर्थ पाते 45 ऐवजी 50 अंशांत बसवलेले आहे इतकाच. कठीण किंवा उलट्या रेषेच्या लाकडात ते कमी उचकटते. त्या रंध्याचा यॉर्क शहराशी संबंध असतोच असे नाही. यॉर्कच्याच व्हारव्हिल या कारखान्याच्या ठशात 'ईबर' असा शब्द दिसतो, तो मात्र खरोखर गावाचा आहे, कारण यॉर्कच्या रोमन नावाचा तो अंश.

मॅथिसनच्या रंध्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. ग्लासगोचा हा स्कॉटलंडमधील फार मोठा कारखाना होता. चंद्रकोर आणि तारा हे त्याचे चिन्ह, आणि आधी 'अँड सन', पुढे 'अँड सन्स' असा नावाचा क्रम आहे. आपल्या ठशात 'सन' एकवचनी आहे, म्हणून तो 19व्या शतकाच्या उत्तरार्धातील आधीच्या टप्प्याचा धरावा. मॅथिसन आपल्या नावाची पातीही विकत असे, त्यामुळे वॉर्ड अँड पेनचे पाते नंतर घातलेले असण्याचीच शक्यता अधिक आहे. अशा उशिराच्या रंध्यांत ठशावरील इतर शब्दही काळ सांगतात. ब्रिटनमध्ये व्यापारचिन्हांची नोंदवही 1876 च्या आरंभी सुरू झाली, म्हणून 'ट्रेड मार्क' हे शब्द चिन्हासह असतील तर रंधा बहुधा त्यानंतरचा. आणि 'मेड इन इंग्लंड' असेल तर तो 20व्या शतकातला समजून चालावे. पत्ता कोरलेला असेल तर आणखी बरे. लंडनच्या मोस्लीचे दुकान आधी कॉव्हेंट गार्डनजवळ न्यू स्ट्रीटवर, नंतर ब्लूम्सबरीत ब्रॉड स्ट्रीटवर आणि पुढे हाय होबर्नवर होते. त्या काळच्या व्यापारी निर्देशिकांत ते कोणत्या वर्षी कुठे होते ते पाहिले की रंध्याचे दशक कळते.

गावाच्या नावाबाबत मात्र एक अडचण असते. नाव घडवणाऱ्याचे असेलच असे नाही, ते विकणाऱ्या लोखंडी सामानाच्या दुकानदाराचेही असू शकते. बाथ शहरातील स्टोथर्ट हे मूळचे असेच दुकानदार घराणे, आणि त्यांच्या नावाचे रंधे आजही सापडतात. लंडनच्या ख्रिस्तोफर गॅब्रिएलचे उदाहरण याहून बोलके आहे. तो स्वतः रंधे घडवीत असे आणि इतरांची हत्यारेही विकत असे. केंटमधील रॉचेस्टरच्या गिल्डहॉल संग्रहालयात बेंजामिन सीटन या सुताराची हत्यारांची पेटी आहे. त्याच्या वडिलांनी 1796 च्या डिसेंबरात गॅब्रिएलकडून हत्यारे घेतली, आणि बेंजामिनने त्यांच्यासाठी 1797 मध्ये पेटी घडवून यादी लिहून ठेवली. पेटीतील रंध्यांवर गॅब्रिएलचे नाव आहे, तर करवती शेफील्डच्या केन्यनच्या आहेत. हत्यारे फारशी वापरलेली नसल्यामुळे त्या काळच्या रंध्याची मोडलेली कड, पाचर आणि पाते विकत घेतले तेव्हा कसे होते, हे तिथे पाहायला मिळते. मी पहिल्यांदा ती पेटी पाहिली तेव्हा तासभर केवळ पाचरींची बोंडे पाहत उभा होतो; तोवर मी हाताळलेल्या सगळ्या रंध्यांवर शतकभराची झीज होती, आणि न झिजलेली रेषा कशी असते हे डोळ्यांना ठाऊकच नव्हते. शक्य असेल तर एकदा जाऊन यावे.

तिसऱ्या, जॅक रंध्याचे नाव सापडणार नाही असे मला वाटते, कारण तो कारखान्याचा नाही. आपण त्याच्या पुढच्या टोकाचे छायाचित्र पाठवले आहे, त्यात लाकडाची वलये तिरपी जाताना दिसतात. कारखाने मुख्यतः बीच वृक्षाचे, नीट सुकवलेले लाकूड वापरीत, आणि ते असे कापीत की टोकाकडून पाहिल्यास वलये तळाला समांतर आणि सालीकडची बाजू तळाला येई. कारण हवेतल्या ओलीने लाकूड फुगते-आकसते तेव्हा अशा ठोकळ्याचा तळ वाकडा होत नाही. आपला रंधा बीचचा नाही, ते ॲशसारखे लाकूड दिसते, आणि मूठ मधल्या रेषेपासून थोडी सरकलेली आहे. पाते बसण्याच्या पोकळीतील गालांवर पटाशीचे घाव उघडे राहिले आहेत. धंद्यातला कारागीर ती जागा गुळगुळीत करून देत असे. हा रंधा एखाद्या सुताराने स्वतःसाठी घडवला असावा, आणि ती दोन अक्षरे त्याचीच असावीत. त्यामुळे त्याची बाजारातली किंमत कमी होते, पण मला असे रंधे अधिक प्रिय आहेत.

बनावट ठशांबद्दलही लिहायला हवे. 18व्या शतकाच्या आरंभीच्या लंडनकरांच्या रंध्यांना संग्राहक मोठी किंमत देतात, म्हणून साध्या जुन्या रंध्यावर ते नाव नव्याने ठोकण्याचे प्रकार घडतात. नव्या ठशात दबलेले तंतू आतून फिकट राहतात आणि खोलगटात वर्षानुवर्षांचा मळ, मेण आणि तेल बसलेले नसते. ते रंग लावून लपवले असेल तर टर्पेंटाइनचा बोळा फिरवताच उघड होते. त्याहून भरवशाची कसोटी अंगाचीच. 1720 चे नाव आणि गोल मोडलेली अरुंद कड एकत्र आली, तर नाव कितीही सुबक असो, तो रंधा बाजूला ठेवावा.

आता शेवटची आणि माझ्या दृष्टीने सर्वांत कळकळीची सूचना. टोकाला पॉलिश पेपर लावू नये. या कामात नवा असताना मी एका मोल्डिंगच्या रंध्याचे मळकट टोक 'स्वच्छ दिसावे' म्हणून हलकेच घासले. नाव शिल्लक राहिले, पण भोवतीची नागमोडी किनार दोन मिनिटांत नाहीशी झाली. तो ठसा कोणत्या पंचाचा, हे सांगणारी एकमेव खूण तीच होती, कारण एकाच कारागिराचे तीन-चार पंच असतात आणि त्यांतला फरक अक्षरांपेक्षा किनारीच्या दात्यांत असतो. त्या रंध्याचे दशक मला आजही ठरवता येत नाही. टोक स्वच्छ करायचेच असेल तर मऊ ब्रश आणि टर्पेंटाइन, नंतर अळशीच्या तेलाचा अगदी पातळ हात, इतके पुरे. अक्षरे उठून दिसावीत म्हणून त्यांत खडू किंवा रंग भरू नये. पातळ कागद ठेवून मऊ शिसपेन्सिल आडवी फिरवावी, छाप कागदावर उतरते आणि मोजताही येते.

ग्रीनच्या ठशाची अशी छाप घेऊन तिची लांबी अर्ध्या मिलिमीटरपर्यंत मोजावी, पाचर बाहेर काढून मोजपट्टीशेजारी आडवी ठेवून तिचे छायाचित्र घ्यावे, आणि मागच्या टोकावर एखादा आकडा आहे का ते पाहावे. गोल-खोलगट मोल्डिंगचे रंधे क्रमांक घालून जोड्यांनी विकले जात. आकडा असेल, तर त्याच क्रमांकाचा दुसरा रंधा त्याच लिलावातील उरलेल्या सामानात पडलेला असण्याची बरीच शक्यता आहे, म्हणून लिलाववाल्यांकडे या आठवड्यातच चौकशी करावी.